होळी झाली की पूल हिरवा

"कर्जतजवळ आमचं छोटं घर आहे. मागच्या अंगणात आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद पोहायचा पूल बांधलाय. उथळ टोक एक मीटर, खोल टोक एक मीटर साठ. आम्ही दोघं निवृत्त, पूल खरा नातवंडांसाठी. गेली तीन वर्षं एकच गोष्ट घडते. दिवाळीत पाणी आरशासारखं असतं, संक्रांतीपर्यंत बरं असतं आणि होळी झाली की हिरवं पडायला लागतं. ह्यांचं म्हणणं, रंग खेळून मुलं पाण्यात उतरतात त्यामुळे होतं. माळीदादा दिवाळीपासून रोज सकाळी मोजून 100 ग्रॅम टीसीसीए पावडर टाकतात, होळीपासून 200. किटमध्ये थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन आहे, तरी शेवाळ हटत नाही. परवा त्यांनी दोन मुठी मोरचूद टाकलं. टाइल्समधलं ग्राउट बोटाला पांढरं लागतंय. दुकानदार म्हणतो पावडर अजून वाढवा. शेजारचे म्हणतात पूल पूर्ण रिकामा करून ॲसिडने धुऊन काढा. मेच्या पहिल्या आठवड्यात नातवंडं येताहेत. काय करू?"
— एक वाचक, कर्जत

ताई,

सगळ्यात आधी एक सांगते. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल. पुलाचा तळ दिसत नाही तोवर त्या पाण्यात कोणीही उतरायचं नाही. नातवंडं नाहीत, पोहता येणारे मोठेही नाहीत. शेवाळाने अंगाला काय होईल, ही भीती नंतरची. पहिली भीती ही की हिरव्या पाण्यात बुडालेलं माणूस दिसत नाही. एका ओळखीच्या घरी असंच हिरवं पाणी होतं, त्यात काठावरचा स्टीलचा पेला पडला. पाणी कमरेएवढंच, पेला पडला ती जागाही आम्हाला माहीत होती, तरी पायांनी चाचपडत तो सापडायला पाच-सात मिनिटं लागली. त्या दिवसापासून मी ह्या बाबतीत कोणाचंच ऐकून घेत नाही. फाटकाला आजच कुलूप घाला.

आता दुखण्याकडे वळू. तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे ते "दिवाळीत आरशासारखं, होळीनंतर हिरवं" हे. दर वर्षी ठरल्या वेळी होतं, म्हणजे कारणही वर्षभर साचत जाणारं असलं पाहिजे. रंगाचं निमित्त झालं असेल, पण मूळ तिथे नाही. मूळ आहे पावडरीच्या डब्यात.

टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड. ही पावडर पाण्यात विरघळली की दोन गोष्टी सुटतात. एक क्लोरीन आणि दुसरं सायन्युरिक ॲसिड. हे दुसरं मुद्दाम असतं आणि कामाचंही असतं. आपल्याकडच्या उन्हात नुसतं क्लोरीन दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. सायन्युरिक ॲसिड त्याला धरून ठेवतं, उन्हापासून राखतं. म्हणून दुकानात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. अडचण अशी की क्लोरीन आपलं काम करून संपतं, स्टॅबिलायझर संपत नाही. ते उन्हाने उडत नाही, वाफेबरोबर जात नाही, फिल्टरमध्येही अडकत नाही. पाणी बदलल्याशिवाय ते कमी होत नाही, रोज थोडं थोडं साठत राहतं.

तुमचाच हिशेब मांडू. सरासरी खोली 1.3 मीटर धरली तर पुलात साधारण 42,000 लिटर पाणी आहे. 100 ग्रॅम पावडरीतून सुमारे 55 ग्रॅम सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहतं. 42,000 लिटरांत ते झालं दर लिटरमागे 1.3 मिलिग्रॅम, म्हणजे आपण ज्याला पीपीएम म्हणतो ते 1.3. एका दिवसाला हे काहीच नाही. पण दिवाळीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पाच-सव्वापाच महिने धरले तर हा आकडा 200च्या वर जातो. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुताना, आणि मुलांच्या उड्यांनी बरंच पाणी बाहेर गेलं असेल, पण होळीपासून माप दुप्पट झालंय, तेव्हा 150च्या खाली तो असेल असं मला वाटत नाही. पुलाला हवं असतं 30 ते 50.

स्टॅबिलायझर इतका झाला की क्लोरीन पाण्यात असून नसल्यासारखं होतं. सगळं त्याच्याच मिठीत अडकलेलं, शेवाळाच्या अंगावर जायला मोकळं कोणी नाही. सर्वसाधारण नियम असा की शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात जेवढं सायन्युरिक ॲसिड, त्याच्या निदान साडेसात टक्के तरी मोकळं क्लोरीन सतत हवं. 40 असेल तर 3 पुरतं. 200 असेल तर 15 लागतं. तुम्ही ठेवताय दोन-चार. त्यात एप्रिलचं ऊन आणि कोमट पाणी, मग शेवाळ का थांबेल? आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून पावडर वाढवली की क्लोरीनसोबत तो अडकवणाराही वाढतो.

मग दिवाळीत पाणी स्वच्छ कसं, तर ते पावसाचं काम. तुमच्या भागात जून ते सप्टेंबर तीन मीटरच्या वर पाऊस कोसळतो. पूल सरासरी 1.3 मीटर खोल. म्हणजे वरून त्याच्या दुपटीहून जास्त पाणी थेट पडतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. वर्षभर साठलेलं त्याबरोबर जवळजवळ धुऊन निघतं. दिवाळीला तुम्ही कोऱ्या पाटीने सुरुवात करता आणि होळीपर्यंत ती भरते.

किटमधल्या पिवळ्या रंगावर विसंबू नका. ते पिवळे थेंब मोकळं क्लोरीन आणि घाम-मळाशी जोडलं जाऊन निकामी झालेलं क्लोरीन असं दोन्ही एकत्र दाखवतात. ज्या पुलाला क्लोरीनचा उग्र वास येतो तिथे बहुतेक वेळा हे निकामी क्लोरीनच वासाला असतं. गुलाबी रंग येणारं डीपीडीचं किट घ्या, त्यात मोकळं वेगळं मोजता येतं. एक खूण लक्षात ठेवा: क्लोरीन खूप जास्त असलं की डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकून पांढरा पडतो. पाहणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी ओततो. तसं दिसलं तर पुलाच्या एक भाग पाण्यात पिण्याच्या फिल्टरचं चार भाग पाणी मिसळा, मोजा आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा.

त्याबरोबरच सायन्युरिक ॲसिड मोजायचं किट मागवा. ह्या सगळ्यात हीच चाचणी महत्त्वाची आणि नेमकी हीच कोणी करत नाही. पुलाच्या पाण्यात औषध मिसळलं की ते दुधाळ होतं. मग ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं. ठिपका दिसेनासा झाला की पाणी जिथवर आलं तिथला आकडा वाचायचा. नळी 100च्या पुढे मोजत नाही. म्हणून एक पेला पुलाचं आणि तीन पेले फिल्टरचं पाणी मिसळून मोजा आणि चौपट करा. हे सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन, नळी कमरेच्या उंचीवर धरून करा. माळीदादांच्या हातून करवून घेतलंत तर फार बरं, कारण ठिपका आपल्या डोळ्यांनी नाहीसा झालेला पाहिला की पावडरीचं माप कमी का करायचं हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

आकडा 150-200च्या आसपास निघाला तर पाणी काढायला हवं. पूर्ण नाही. तीन चतुर्थांश काढलंत तर 200चे 50 होतात आणि तेवढं पुरे. 31,000 लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. एप्रिलमध्ये तीन टँकर पाणी मागवणं जिवावर येतं, मला कल्पना आहे, गावात हंडे मोजून पाणी भरलं जात असताना तर जास्तच. पण आत्ताच्या पाण्यात क्लोरीनने आधीच धरलेलं शेवाळ मारायचं तर 80 पीपीएमपर्यंत जावं लागेल. ते पैशाने परवडत नाही आणि हाताळायलाही धोक्याचं आहे. पाण्याची ही उधळपट्टी पुन्हा होऊ नये, ह्याचीच तजवीज शेवटी सांगणार आहे.

पाणी काढायचं ते संध्याकाळी. टाइल्स भर दुपारी उघड्या पडल्या तर तापून सुटतात, ग्राउटला चिरा जातात. ऊन उतरल्यावर फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या खुणेवर, करून उपसा सुरू करा, आणि टँकर असे सांगा की सकाळी ऊन चढायच्या आत निम्म्याच्या वर भरलेलं असेल. व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतलं रबर कापलं जातं. पंपाने हवा ओढायला सुरुवात केली की स्किमरची, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातून ओढणाऱ्या तोंडाची, लाइन बंद करून फक्त तळाच्या जाळीतून ओढा. आणि शेजाऱ्यांचं "पूर्ण रिकामा करा" हे पावसाळ्यात तर मुळीच ऐकू नका. जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामा पूल खालच्या पाण्याच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो. ॲसिडने धुण्याचीही गरज नाही. तुमचं ग्राउट आधीच ॲसिडने खाल्लेलं आहे. टीसीसीए फार आम्लधर्मी असतं, महिनोन्‌महिने तेच टाकलं की पाण्याचा पीएच उतरत जातो आणि सिमेंटचा भाग विरघळतो. बोटाला पांढरं लागतंय ते हेच.

उपसलेलं पाणी कुठे सोडायचं हा साधा प्रश्न नाही, कारण त्यात आता मोरचूद आहे. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं. दोन मुठी म्हणजे 150-200 ग्रॅम धरले तर तुमच्या पुलात लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास तांबं उतरलंय. माशांना हे विषच. विहीर, ओढा, भाताची खाचरं ह्यांच्या जवळपास ते जाऊ देऊ नका. विहिरीपासून लांबच्या मोकळ्या पडीक जागेत हळूहळू जिरू द्या. माळीदादांना बोल लावू नका. विहिरीत, हौदात मोरचूद टाकायची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि त्याने शेवाळ मरतंही. पण तांबं पाण्यातच राहतं, पुढे पीएच वाढला की टाइल्सवर निळे-काळे डाग धरतं आणि पांढऱ्या केसांना हिरवट झाक आणतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पाणी काढायचं, मग क्लोरीन. आधी क्लोरीन ओतलंत तर डाग बसतील.

नवीन पाणी भरलं की पीएच मोजा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तो 7.8-8 निघेल. तो 7.2 वर आणायचा. पीएच 8 असताना क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा खरं काम करतो, 7.2 ला साठ टक्क्यांच्या वर. पुलासाठी मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा लिटर घ्या. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. पंप चालू ठेवून जिथून पाणी पुलात परत येतं तिथे सावकाश ओता. चार तासांनी मोजा, लागलं तर पुन्हा. हे क्लोरीनच्या आधीच उरकायचं, कारण एकदा क्लोरीन खूप वाढलं की पीएचच्या थेंबांचा रंगच खोटा येतो.

आता क्लोरीन. पावडर नाही, द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट. कॅनमध्ये मिळतं, त्यात स्टॅबिलायझर नसतो. 10 टक्क्यांचं असेल तर एका लिटरात 100 ग्रॅम क्लोरीन. धरलेलं शेवाळ मारायला 50 स्टॅबिलायझरला 20 पीपीएम लागतं, म्हणजे तुमच्या पुलाला आठ-साडेआठ लिटर. सूर्य मावळल्यावर ओता. मात्र एकदा ओतून निवांत बसायचं नाही, इथेच बहुतेकांचं फसतं. शेवाळ क्लोरीन खातं, रात्रीत 20चे 5 होतात, उरलेलं शेवाळ पुन्हा वाढतं आणि माणूस म्हणतो औषध लागू पडलं नाही. दर तीन-चार तासांनी मोजायचं आणि पुन्हा 20 वर न्यायचं. चार लिटरने साधारण 10 पीपीएम चढतं, त्या मापाने. पंप रात्रंदिवस चालू. तुमच्याकडे वीज जाते हे धरून चालते. गेली तर ब्रशने पाणी ढवळत राहा.

ब्रश हे ह्यातलं निम्मं काम आहे. नायलॉनचा घ्या, तारेच्या ब्रशने टाइल्सला ओरखडे पडतात. जिथे पाणी फिरत नाही तिथे शेवाळ दडतं. शिडीच्या दांड्यांच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत, दिव्याच्या कडेला, स्किमरच्या घशात. शिडीमागे हात घालून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर पाणी कितीही स्वच्छ दिसो, काम संपलेलं नाही. टाइल्सच्या सांध्यात काळे ठिपके असतील तर ते जास्त चिवट. त्यांच्यावर वरून सायीसारखा थर असतो, तो घासून फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवं जाऊन पाणी तांदळाच्या धुवणासारखं होईल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ. आता फिल्टरची पाळी. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर जो दाब असतो तो लिहून ठेवा. त्यापेक्षा आठ-दहा पीएसआय चढला की बॅकवॉश. ह्या दिवसांत तो दिवसातून दोनदाही करावा लागेल. थांबायचं कधी? तळ स्वच्छ दिसतो, आणि रात्री अंधार पडल्यावर मोजलेलं क्लोरीन पहाटे ऊन पडायच्या आत मोजलं तर एकाहून कमी उतरलेलं असतं, तेव्हा. रात्री ऊन नसतं, म्हणजे रात्री क्लोरीन घटलं तर ते खाणारं कोणीतरी पाण्यात अजून आहे.

त्यानंतर क्लोरीन उन्हाने आपोआप उतरू द्या. ते 5च्या खाली आलं आणि खोल टोकाला टाकलेल्या रुपयाच्या नाण्यावर छापा आहे की काटा हे काठावर उभ्याने ओळखता आलं, की कुलूप काढा.

एक इशारा मनापासून. टीसीसीएचा उरलेला डबा आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही जवळ ठेवू नका, एकच चमचा दोन्हींत घालू नका. दोन्ही "क्लोरीन पावडर"च म्हणून विकतात, पण एकमेकांत मिसळली तर पेट घेतात. मी एका बंगल्यावर पाहिलंय: नवीन मुलाने टीसीसीएचा ओलसर चमचा ब्लीचिंगच्या डब्यात घातला, डबा फसफसला, तापला आणि पिवळट धूर सुटला. मुलगा वाचला, पण रात्रभर खोकत होता. ॲसिड आणि क्लोरीनचे कॅनही एका कपाटात नकोत. ते एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

आता पुढच्या वर्षासाठी. पूल निवळला की रोजचं काम द्रव क्लोरीनवर ठेवा. 400 मिलिलिटरच्या आसपास एक पीपीएम चढतं, उन्हाळ्यात रोज संध्याकाळी साधारण एक लिटर लागेल. 3 ते 5 च्या दरम्यान राहील असं पाहा. हे द्रव उन्हाने कमजोर होतं, म्हणून कॅन सावलीत ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतंच घ्या. द्रव क्लोरीनने पीएच हळूहळू वर जातो, आठवड्यातून एकदा मोजून थोडं ॲसिड घाला. पावडर फेकून देऊ नका, तिचीही वेळ आहे. पाऊस संपतो तेव्हा पुलातला स्टॅबिलायझर जवळपास नाहीसा झालेला असतो. पाऊस उघडला की माळीदादांना रोज 100 ग्रॅम टाकू द्या, तीन-साडेतीन आठवडे. त्याने 30 पर्यंत चढेल. मग डबा बंद, पुन्हा द्रव. महिन्यातून एकदा ठिपक्याची चाचणी, आकडा वहीत. तुम्ही आठवडाभर गावाला गेलात तर टीसीसीएच्या गोळ्या तरंगत्या डब्यात घालून जाता येईल, तेवढ्याने बिघडत नाही. अशाने होळीला तुमचा आकडा 50च्या आत राहील, मग मुलांनी रंग खेळून उडी मारली तरी फिल्टरला एक बॅकवॉश जास्त पडेल इतकंच. टँकरही मागवावे लागणार नाहीत.

मात्र टँकरवाल्याला फोन करण्याआधी ठिपक्याची चाचणी करा आणि मला आकडा कळवा. तो 60-70च्या आत निघाला तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि पाणी काढू नका. मग फिल्टर उघडून वाळू पाहावी लागेल. ती गोळे धरून बसली असेल, तर पाणी मधल्या भोकातून तसंच निघून जात असतं. त्याचं उत्तर वेगळं आहे, ते सविस्तर लिहीन.